कुहीकडून येणारी बॅटरी

बॅटरी जपून ठेवू नका. वापरा, उतरली की भरा, भरली की पुन्हा वापरा. एवढं वाचून तुम्ही पान उलटलंत तरी माझी तक्रार नाही.

संपादकांनी कामाच्या आठवणी मागवल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर निवृत्त मंडळी असणार. पेन्शन, आरामखुर्ची, दुपारचा चहा. मी तिशी नुकतीच ओलांडली आहे आणि उद्या सकाळी मला दुकान उघडायचं आहे. शिवाय लिहिण्याचा माझा सगळा सराव पत्रकांवर झालेला. पत्रक लोक रस्त्यात उभ्या-उभ्या वाचतात आणि संध्याकाळी त्यात फुटाणे बांधतात. म्हणून फुटाणे बांधायच्या आत मुद्दा सांगून टाकायची मला खोड आहे. मुद्दा सांगून झाला. आता तो मला कसा कळला ते.

नागपुरात कामठी रोडला देवरावभाऊंचं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. कॉलेज अर्ध्यात सोडून मी तिथे लागलो, तो अजून तिथेच आहे. लाकडी ओट्यावर काळ्या पेट्या ओळीने मांडलेल्या, एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि कोपऱ्यात चार्जिंगचं मशीन गुणगुणत असतं. आत पाऊल टाकलं की नाकात आंबट वास शिरतो आणि घशात जाऊन बसतो. तो तेजाबाचा, म्हणजे अॅसिडचा. माझ्या प्रत्येक शर्टाला पोटापाशी बारीक भोकं आहेत. आई म्हणते, तुझा शर्ट दोरीवर टाकला की चाळणी वाळत घातल्यासारखी वाटते.

ज्यांनी बॅटरी कधी उघडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीत सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा, आणि त्या पाणी मिसळलेल्या तेजाबात बुडालेल्या. बॅटरी वापरली की तेजाब प्लेटांत जाऊन बसतं आणि मागे नुसतं पातळ पाणी उरतं. चार्जिंगला लावली की ते प्लेटांतून निघून पुन्हा पाण्यात येतं. हे येणं-जाणं चालू असेपर्यंत बॅटरी जिवंत. येणं-जाणं थांबलं की प्लेटांवर पांढरी खरड धरते, ती दगडासारखी होते, आणि मग कितीही करंट सोडा, आत काही शिरत नाही. भरून ठेवलेली बॅटरीसुद्धा नुसती पडून राहिली तर आपसूक उतरत जाते. आमच्या उन्हाळ्यात तर पाणीही उडून जातं.

हे ओळखायला आमच्याकडे काचेची एक नळी असते. वर रबराचा फुगा, आत तरंगणारी एक काडी. खणातलं पाणी नळीत ओढायचं. काडी वर तरंगली तर बॅटरी भरलेली, खाली बसली तर उतरलेली. आम्ही तिला मीटर म्हणतो. गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकून घ्यायचं आणि मग मीटर लावायचं, हा दुकानाचा नियम.

कारण गिऱ्हाईक काहीही बोलतं. कामठीचा एक बँडवाला होता. त्याची बॅटरी चार्जिंगवर असताना झाकणं उघडी होती आणि खणांतून गॅस निघत होता. हा गॅस पेट घेतो, म्हणून दुकानात बिडीसुद्धा चालत नाही. मी पाठ वळवली तेवढ्यात या गृहस्थाने आत डोकावायला आगकाडी ओढली. फट्‌कन आवाज झाला. पाहतो तर एका बाजूची मिशी आणि दोन्ही भुवया गायब.

"अबे, काडी कायले लावली?" देवरावभाऊ ओरडले.

"पानी किती आहे ते पाहून राहिलो होतो नं."

"दिसलं का मग?"

"दिसलं नं भाऊ," तो डोळे चोळत म्हणाला, "कमीच आहे."

दुसऱ्या एकाने बॅटरी अशक्त झाली म्हणून वरून शुद्ध तेजाब ओतून आणलं. बॅटरीत फक्त पाणी उडतं, म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, तीही डिस्टिल वॉटरची, हे सांगून माझी जीभ झिजली. लोकांना पाणी फुकटचं वाटतं आणि तेजाब टॉनिक वाटतं. त्याच्या प्लेटा मी उघडल्या तेव्हा ओल्या बिस्किटासारख्या हातात आल्या.

पण हे भोळे गुन्हेगार. खरे गुन्हेगार म्हणजे जपणारे. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. तो आमच्याच मंडळाचा अध्यक्ष होता.

रेल्वे लाइनच्या पलीकडे, कळमन्याच्या बाजूला एक वस्ती आहे. मी अलीकडचा. आमच्या गल्लीत खांब होते, घरात लाइट होती. पलीकडे मोठ्या लोखंडी मनोऱ्यांवरून जाड तारा वस्तीच्या डोक्यावरून जायच्या, कारखान्यांकडे, आणि खाली घराघरांत रॉकेलच्या चिमण्या. पावसाळ्यात त्या तारा सूं सूं आवाज करत. ऐकायला करंट, पाहायला अंधार! हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं. आता वाचताना भडक वाटतं, पण खोटं नव्हतं.

त्या वस्तीत लाइट यावी म्हणून आमचं मंडळ होतं. वर्गणी काढून आम्ही एक भोंगा, एक अॅम्प्लिफायर आणि एक बारा व्होल्टची बॅटरी घेतली. लाइट नसलेल्या वस्तीत लाइटसाठी सभा घ्यायची तर बॅटरीशिवाय बोलणार कसं? मी बॅटरीच्या दुकानातला, म्हणून बॅटरी माझ्याकडे. मी ती सायकलच्या कॅरियरवर दोरीने आवळून नेत असे. सभा चालू असेपर्यंत मी तिच्याजवळ जमिनीवर बसायचो. मला भाषण करता येत नाही. मी लिहितो; तोंड उघडलं की शिव्या निघतात.

भाषण करायची ती निर्मला. वस्तीतलीच. वडील रेल्वेच्या गोदामात हमाल, आणि ती मास्तरीण व्हायचा अभ्यास करत होती. तिचा आवाज बारीक होता, पण शब्द मोजके आणि टोकदार. माझी लांबलचक पत्रकं हातात घेऊन ती बोलायला उभी राहायची आणि पहिल्याच ओळीला पत्रक खाली ठेवायची.

"एवढं कायले लिहितो गा?" ती मला म्हणे. "लोकायले जेवाले घरी जायचं असते."

दोन सभांच्या मध्ये बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न मी आपल्या मनाने सोडवला. मी ती निर्मलाच्या घरी ठेवली. गाडीचा एक छोटा बल्ब, दोन हात वायर, आणि भिंतीतला खिळा. संध्याकाळी ती त्या उजेडात अभ्यास करायची. छोट्या बल्बला करंट अगदी थोडा लागतो. बॅटरी हळूहळू उतरायची, उतरत आली की मी दुकानात नेऊन भरून आणायचो. बॅटरीचं आरोग्य उत्तम आणि तिचा अभ्यासही. मंडळाच्या मालमत्तेचा यापेक्षा चांगला वापर कोणी दाखवून द्यावा! आजूबाजूच्या बायाही तांदूळ निवडायला तिथेच येऊन बसत. एक बाई म्हणायच्या, "पोरी, जोरात वाच वं, आमच्याही डोक्यात जाऊ दे काही." मी बॅटरी घ्यायला गेलो की सूप बाजूला सरकवून मला बसायला जागा करून द्यायच्या.

एकदा मंडळाच्या कामाने निर्मला आमच्या घरी आली. माझ्या घरच्यांनी तिला चहा दिला. तो वेगळ्या कपात दिला. ती बौद्ध होती, आम्ही नव्हतो, आणि तो कान तुटलेला कप आमच्या घरात ज्या कामासाठी ठेवला होता ते तिने एका नजरेत ओळखलं. चहा पिऊन झाल्यावर मी तो कप उचलला आणि अंगणात आपटला. मला वाटलं, मोठी क्रांती केली. तिला सोडायला लाइनपर्यंत गेलो तेव्हा मी अजून तावातावाने बोलत होतो.

"कप फोडून काय होते गा वसंता?" ती म्हणाली. "बशी तर तशीच आहे घरात."

ती रागावलेली नव्हती. थकलेली होती. मी पुढे काय बोलणार होतो ते तिला माहीत असावं, कारण ती पटकन म्हणाली, "बॅटरीत पानी टाकाचं झालं वाटते. उद्या पाहजो." आणि रूळ ओलांडून गेली.

आता अध्यक्ष. केशवराव नाव. माणूस वाईट नव्हता. रेशनचं दुकान, घरात लाइट, पंखा आणि सहा खुर्च्या. खुर्च्या होत्या म्हणून बैठका त्यांच्याकडे, आणि बैठका त्यांच्याकडे म्हणून ते अध्यक्ष. वीज खात्याचे साहेब वस्तीत येऊन लोकांचं ऐकून घ्यायला तयार झाले, तशी केशवरावांना बॅटरीची काळजी लागली.

"मंडळाची एवढी महागाची वस्तू," ते बैठकीत म्हणाले, "अन्‌ तिच्यावर पोट्टे अभ्यास करून राहिले? साहेबांच्या सभेत बंद पडली तर? आजपासून बॅटरी माझ्या घरी राहील. सभेपर्यंत कोणी हात लावाचा नाही."

मी उठून सांगितलं की बॅटरी काही लोणचं नाही मुरायला ठेवायला. वापरली नाही तर मरेल. निदान मधून मधून मला भरायला तरी द्या.

"तुह्या दुकानाची जाहिरात इथं नको करू," केशवराव म्हणाले, आणि सगळे हसले. ठराव झाला. निर्मलाने खिळ्यावरून बल्ब काढला, वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि पुन्हा चिमणी पेटवली. तिची परीक्षा जवळ आली होती.

"नापास झाली तं मी त्याहिच्या पंख्याखाली जाऊन बसीन," ती म्हणाली. "पुस्तक घेऊन."

मी केशवरावांच्या दारात खेटे घातले. काकू दार उघडायच्या आणि आतून आवाज यायचा, "त्याले सांग, बॅटरी मजेत आहे." मजेत होतीच. देवघराच्या शेजारी पाट, पाटावर बॅटरी, तिच्यावर मखमलीचा रुमाल. दसऱ्याला त्यांनी तिची पूजा केली. शस्त्रं, अवजारं पुजायचीच असतात, आम्हीही दुकानात मशीनला हार घालतो. पण आम्ही पूजा झाली की फडकं मारून कामाला लागतो. यांनी ओलं हळदकुंकू दोन्ही टर्मिनलच्या मध्ये लावलं, त्यावर झेंडूची ओली फुलं ठेवली आणि नमस्कार करून दार ओढून घेतलं. बॅटरीच्या डोक्यावर ओल राहिली की त्या ओलीतून एका टोकाचा करंट दुसऱ्या टोकाकडे झिरपत राहतो. म्हणजे हे गृहस्थ रोज संध्याकाळी तिच्यासमोर हात जोडत होते आणि ती रोज थोडी थोडी मरत होती. हे मला सभेच्या दिवशी कळलं.

साहेब आले. शाळेच्या मैदानात मांडव होता, पहिल्या रांगेत साहेबांसाठी केशवरावांची खुर्ची होती, पाठीमागे अख्खी वस्ती जमली होती. केशवरावांनी बॅटरी रिक्षाने आणली होती, रुमालासकट. मी मीटर लावलं. काडी तळाला जाऊन बसली. सगळे खण पाहिले, सगळीकडे तेच. मी केशवरावांकडे पाहिलं, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. दुकानात जाऊन दुसरी बॅटरी आणेपर्यंत साहेब निघून गेले असते.

निर्मला उभी राहिली. भोंग्यातून एक वाक्य स्वच्छ आलं, दुसरं नाकातून आल्यासारखं आलं, तिसऱ्याला भोंगा खरखरला आणि गप्प झाला. मी बॅटरीजवळ बसलो होतो. माझ्या तळहाताखाली ती गार पडलेली मला कळत होती आणि माझ्या तोंडात ज्या शिव्या आल्या त्या कोणत्याही पत्रकात मावणार नाहीत.

मागून आरडाओरडा सुरू झाला. "आयकू येऊन नाही राहिलं!" साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उठायच्या बेतात आले.

निर्मला मंचावरून खाली उतरली. साहेबांना म्हणाली, "साहेब, माहा आवाज मागं जात नाही. तुम्ही मधात या."

"अहो, पण..."

"बसा नं, उठू नका." तिने दोन पोरांना खूण केली. त्यांनी साहेबांसकट खुर्ची उचलली, गर्दीच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवली आणि लोक चारी बाजूंनी गोल करून बसले. साहेब लालबुंद झाले, पण हवेत तरंगत असताना माणूस तरी काय करणार! आता बाहेर जायला वाट नव्हती. मग एकेक बाई उठून बोलली. कोणाच्या पोराला अंधारात विंचू चावला होता, कोणाच्या चिमणीने कुडाची भिंत पेटली होती. भाषण असं कोणी केलंच नाही. साहेबांनी कागद काढून लिहायला घेतलं. एवढ्यात दिवस मावळला.

साहेब लिहीत होते ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. चष्मा पुसला. "अरे, जरा लाइट..." म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. अख्खी वस्ती हसू दाबत होती.

निर्मलाने घरून चिमणी आणली. त्या चिमणीच्या उजेडात तिने साहेबांना नालीच्या फळीवरून जीपपर्यंत नेलं. "इकडून या साहेब. तिकडं खड्डा आहे. आता इकडून." जीपमध्ये बसताना साहेबांची एक चप्पल नालीत राहिली होती. चांगली भरलेली बॅटरी असती, तर साहेब बल्बच्या उजेडात आपल्या दोन्ही चपला घालून गेले असते आणि आमची सभा व्यवस्थित पार पडली असती, एवढंच. बॅटरी मेली म्हणून साहेबांना अंधार दिसला, याचं श्रेय केशवराव अजूनही घेतात.

त्यानंतरही अर्ज, मोर्चे, हेलपाटे चुकले नाहीत. पण खांब आले. तारा ओढल्या गेल्या. निर्मला त्याआधीच, चिमणीच्याच उजेडात, पास झाली होती आणि कुहीच्या पुढच्या एका खेड्यात तिला मास्तरीण म्हणून नेमणूक मिळाली. त्या खेड्यात लाइट नव्हती.

मेलेली बॅटरी मी दुकानात आणली होती. देवरावभाऊ म्हणाले, फेक. मी फेकली नाही. दोन खण उघडून नव्या प्लेटा घातल्या, बाकीच्यांना अगदी कमी करंटवर, रोज थोडं थोडं असं लावून ठेवलं. घाई केली असती तर तापून फुटली असती. खरड हळूहळू सुटली आणि एक दिवस काडी वर आली. मंडळाच्या शेवटच्या बैठकीत निर्मलाने बॅटरी मागितली.

"मंडळाची मालमत्ता..." केशवराव सुरू झाले.

"मंडळ कायच्यासाठी होतं भाऊ? लाइटसाठी. इथं आली. आता जिथं नाही तिथं जाईल बॅटरी."

केशवरावांनी उठून पंखा बंद केला आणि बैठक संपली.

कुहीकडचं धान नागपूरला आणणारा एक ट्रक होता, त्याचे ड्रायव्हर हमीदभाई आमचं जुनं गिऱ्हाईक. निर्मला त्यांच्याच ट्रकमध्ये पुढे बसून गेली, पायांत बॅटरी. मी वायर, बल्ब आणि डिस्टिल वॉटरची बाटली दिली. सूचना देत राहिलो. पूर्ण उतरू देऊ नको, आडवी करू नको, टर्मिनलला ग्रीस लाव, वरून कोरडी पूस.

"हाव गा," ती म्हणाली. "अन्‌ हळदकुंकू लावू नको. मालूम आहे." मग ट्रक सुरू झाल्यावर तिने खिडकीतून सांगितलं, "खाली झाली का पाठवीन. तूच भरजो. दुसऱ्याले हात नको लावू देऊ."

तेव्हापासून बॅटरी यायला लागली. ट्रक दुकानासमोर थांबायचा, हमीदभाई हॉर्न मारायचे, मी उतरवून घ्यायचो आणि तिच्याऐवजी भरलेली दुसरी द्यायचो. पुढच्या खेपेला तिची भरलेली परत, दुकानाची दुसरी इकडे. चिठ्ठी वगैरे काही नसायची. निर्मला पत्रं लिहिणाऱ्यांतली नव्हती, आणि मी लिहिलं असतं तर ते पत्रक झालं असतं. पण मला मीटर होतं. काडी फार खाली गेलेली असली की मी समजायचो, परीक्षांचे दिवस आहेत, पोरं संध्याकाळी तिच्याकडे अभ्यासाला येत असतील. थोडीच उतरलेली असली की समजायचो, सुट्टी असेल, नाहीतर तिला बरं नसेल. एकदा बॅटरीच्या कडेला तांदळाचे दाणे अडकलेले होते. म्हणजे तिथल्याही बाया सूप घेऊन उजेडात बसायला लागल्या होत्या. मी ते दाणे काढून टाकले नाहीत. चार्जिंगला लावताना आधी सगळं पुसायचं असतं, हा दुकानाचा नियम. तो मी मोडला.

त्या खेड्याच्या लाइटसाठी मी पत्रक लिहिलं. लिहायलाच हवं होतं. एकदा तिथे सभाही झाली. मी भोंगा घेऊन ट्रकने गेलो. तीच बॅटरी, बोलायला तीच निर्मला, आणि मी खाली बसून, हात बॅटरीवर. त्या संध्याकाळी बॅटरी शेवटपर्यंत खणखणीत चालली. बोलून झाल्यावर ती माझ्याजवळ खाली बसली आणि तिनेही बॅटरीवर हात ठेवला. "गरम झाली," म्हणाली. मी म्हटलं, काम केलं की होते थोडी. परत येताना हमीदभाईंनी मला काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

मग एका खेपेला मीटर लावलं तर काडी वर. सगळे खण भरलेले. मला वाटलं, नळीत दोष आहे. दुसरी लावली. तेच. बॅटरी भरलेली आली होती. मी तरीही तिला चार्जिंगला लावली. अगदी कमी करंटवर, तिला त्रास होणार नाही अशी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

"हमीदभाई," मी शेवटी विचारलं, "बाईंच्या गावात काय हालचाल?"

"लाइट आली नं. पोळ्यालेच आली. तुमाले नाही मालूम? तुमीच तं कागद छापले होते."

"मग बॅटरी काहून पाठवते?"

हमीदभाईंनी गाडीखाली पानाची पिंक टाकली. "मले काय मालूम? तुम्ही चार्ज काहून करता?"

मी भरलेली बॅटरी त्यांच्या ट्रकमध्ये चढवून दिली.

आता कोणी म्हणेल, लाइट आली तर आनंद मानायचा सोडून हा माणूस कशाला झुरतो? मीही स्वतःला हेच विचारतो, आणि चांगलं सुनावतो. अंधारात ज्यांची पोरं विंचवाने मेली त्यांच्यासमोर चिमणीच्या आठवणी काढायला लाज वाटली पाहिजे. त्या वस्तीत आज घरोघरी बल्ब आहेत. मी कधी संध्याकाळी रूळ ओलांडून गेलो तर दारं लावलेली असतात, आत उजेड असतो, रेडिओ वाजत असतो. हेच आम्ही मागितलं होतं. मी प्रत्येक बल्बच्या बाजूने उभा आहे आणि गरज पडली तर उद्याही पत्रक लिहीन. पण त्या गल्लीत कोणी सूप सरकवून मला बसायला जागा करत नाही, आणि पाय तिथेच रेंगाळतात. त्याला मी काय करू?

हिवाळा सरता सरता बॅटरी शेवटची आली. हमीदभाई स्वतः खाली उतरले. एरवी ते उतरत नाहीत.

"बाईचं लग्न झालं. मास्तरच आहे नवरा, त्याहिच्याच लोकांतला, भंडाऱ्याकडचा. तिकडंच बदली करून घेतली." ते दुसरीकडे पाहत बोलले. "बॅटरी तुमच्यापाशीच राहू द्या म्हणे. अन्‌ चालू ठेवा म्हणे."

मी मीटर लावलं. भरलेली होती. वरून कोरडी पुसलेली, टर्मिनलला ग्रीस, कुठे डाग नाही, बरोबर गुंडाळलेली वायर आणि बल्ब. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत एवढी नीट ठेवलेली बॅटरी मी पाहिलेली नाही.

ती बॅटरी ओट्याच्या टोकाला आहे. मंडळ उरलं नाही, सभेसाठी मागायला कोणी येत नाही. पण नुसती ठेवता येत नाही हे तर मी पहिल्याच ओळीत सांगितलं. म्हणून महिन्याकाठी मी तिला तोच छोटा बल्ब लावतो, दिवसाढवळ्या, दुकानाच्या दारात, आणि ती उतरेपर्यंत तसाच ठेवतो. मग भरतो. येणारे-जाणारे हसतात. कामठीचा बँडवाला, त्याच्या भुवया आता पुन्हा आल्या आहेत, परवा म्हणाला, "काय गा वसंता, सूर्य कमी पडून राहिला का?"

देवरावभाऊ आता थकले आहेत. खुर्चीत बसून रस्ता बघत असतात. त्यांनी इतकी वर्षं मला या बॅटरीबद्दल काही विचारलं नव्हतं. मागच्या आठवड्यात बल्बचा उजेड लालसर पडत चालला होता आणि माझं लक्ष रस्त्यावर, धानाच्या ट्रकांकडे होतं. ते उठले, हळूहळू ओट्यापर्यंत आले, मीटर उचलून माझ्या हातात दिलं.

"पुरी उतरू देऊ नको गा," ते म्हणाले. "मग भरत नाही."